कानापुढचं बिऱ्हाड

तर्जनी कानाच्या छिद्राच्या जरा पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटाखालून हाडाची एक गाठ पुढे निसटते, तिच्या जागी खळगा पडतो, आणि तोंड मिटलं की ती पुन्हा मुक्कामाला येते. हा जबड्याचा सांधा. दोन्ही कानांपुढे एकेक. गुडघा धरला की सगळ्या सोसायटीला कळतं. कंबर धरली तर जिन्यातलं कण्हणं तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतं. याचा तसा बोभाटा होत नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या खाण्याला, बोलण्याला, जांभयांना साथ द्यायची आणि स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असा याचा स्वभाव. अगदीच असह्य झालं तर तक्रार करतो, तीही दुसऱ्याच्या नावावर.

हे दुसऱ्याचं नाव बहुतेक वेळा कानाचं असतं. पुण्यातल्या बिबवेवाडीत चिंतामणीनगर असो की अप्पर इंदिरानगर, कानापुढे ठणकायला लागलं की माणूस आधी कानाच्या डॉक्टरांकडे जातो. ते आत उजेड टाकून पाहतात. पडदा स्वच्छ, मळ नाही, पू नाही.

"काकू, कान ठणठणीत आहे तुमचा. दात दाखवून या एकदा."

काकू बुचकळ्यात पडतात. दुखतोय कान, आणि ज्या बाजूचा दुखतोय त्या बाजूच्या खालच्या दाढा तर कधीच काढून झाल्या आहेत. नसलेली दाढ दुखणार कशी? पण डॉक्टरांचं बरोबर असतं. सांध्याला संवेदना पुरवणारी मज्जातंतूची जी फांदी आहे, तिचेच धागे कानाच्या पुढच्या भागाला आणि कानशिलाला जातात. मेंदूकडे निरोप पोचतो तेव्हा तो नक्की कोणी धाडला, हे तिथेही नीट उमगत नाही. काकूंना कसं उमगावं?

कानाशी याचं नातं नुसत्या शेजाराचं नाही. शाळेतल्या कानाच्या धड्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवली हाडं होती. त्यांतली पहिली दोन एके काळी जबड्याचा सांधा होती. सरपटणाऱ्या प्राण्यांचा जबडा अजूनही त्याच जोडीवर उघडतो आणि मिटतो. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये मात्र दात धरणारं हाड मागे वाढत वाढत थेट कवटीला जाऊन टेकलं, तिथे नवा सांधा तयार झाला आणि जुन्या सांध्याची हाडं बारीक होऊन कानात ऐकण्याच्या कामाला लागली. कार्ल रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ साली गर्भांच्या अभ्यासातून हा संबंध दाखवला. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गन्युकोडॉन नावाच्या एका चिमुकल्या प्राण्याच्या जबड्यात तर जुना आणि नवा, दोन्ही सांधे एकाच वेळी कामावर होते. म्हणजे आपला हा घराण्यात धाकटा. थोरले आत जाऊन ऐकत बसले आणि चावण्याची हमाली याच्या वाट्याला आली.

बांध्याने हा लहान. वर कवटीच्या हाडात एक खळगा, खाली जबड्याच्या हाडाचं गोलसर डोकं, आणि दोघांच्या मध्ये एक चिवट चकती. ही चकती म्हणजे त्याच्या संसारातली सगळ्यात मोलाची वस्तू. मध्ये पातळ, कडेला जाड. मार्केट यार्डात भाजीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईची चुंबळ आठवा; ही चकती तशीच हाडाच्या डोक्यावर बसते आणि डोकं जिकडे जाईल तिकडे त्याच्याबरोबर जाते. चकतीच्या वर एक पोकळी, खाली एक. तोंड उघडायला सुरुवात झाली की खालच्या पोकळीत हाड जागच्या जागी फिरतं. साधारण वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत एवढ्यावर भागतं, वरणभात आणि पोळीचा घास त्यात उरकतो. पुढे उघडायचं झालं तर हाड चकतीसकट पुढे आणि खाली घसरतं. पाणीपुरी अख्खी तोंडात टाकायची तर हे घसरणं लागतंच. निरोगी मोठ्या माणसाचं तोंड चाळीस ते पन्नास मिलिमीटर उघडतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून दातांच्या मधून आत जावीत इतकं. फिरणं आणि घसरणं, दोन्ही इतक्या सफाईने करणारे सांधे शरीरात थोडे.

आणि त्याला एक जुळा भाऊ आहे. ही त्याची खरी अडचण. खालचा जबडा म्हणजे एकच वाकवलेलं हाड, त्याच्या दोन टोकांना हे दोघे बांधलेले. गुडघ्याचं बरं असतं, डावा दुखला तर उजव्यावर भार टाकून लंगडता येतं. इथे एकाला हलायचं तर दुसऱ्याला हलावंच लागतं, रजा घ्यायची तर दोघांनी मिळून घ्यायची, आणि ती तर झोपेतसुद्धा मिळेलच असं नाही.

या सांध्यावर भार येतो तरी का, यावर विद्वानांचा बराच काळ वाद चालला होता. १९७९ साली विल्यम हायलँडर या अमेरिकी संशोधकाने मकाक माकडांच्या जबड्याच्या हाडावर ताण मोजणारी उपकरणं बसवून त्यांना खाऊ घातलं. सांधा भार घेतो हे तर दिसलंच, शिवाय माकड ज्या बाजूने चावतंय तिच्या विरुद्ध बाजूचा सांधा जास्त भार घेतो, हेही दिसलं. आता काकूंकडे परत या. डाव्या दाढा गेल्या, म्हणून त्या दहा वर्षं उजवीकडून चावताहेत. डावीकडे काही करावं लागत नाही, ती बाजू आरामात आहे, अशी त्यांची समजूत. प्रत्यक्षात भाकरीच्या प्रत्येक घासाला वेठीला धरला जातो तो डावीकडचा. दुखणं डाव्या कानात का येतं, याचं एक उत्तर इथे असू शकतं.

दाढा जातात कशा, ते बिबवेवाडीत फार शोधावं लागत नाही. खालची पहिली मोठी दाढ सहाव्या वर्षी येते, दुधाचे दात अजून तोंडात असताना. आईबापांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे ती, राहू दे." ती पडणारी नसते. किडायला लागते, पंचविशीत ठणकते, आणि मग हिशेब होतो. रूट कॅनाल आणि वर कॅप यांचा खर्च एका बाजूला, दाढ काढण्याचा दुसऱ्या बाजूला. महिनाअखेर असली तर निकाल ठरलेला. "काढूनच टाका डॉक्टर, एकदाची ब्याद जाऊ दे." डॉक्टर सांगतात की जखम भरली की ती जागा भरायला या. ती भेट बहुधा होत नाही. पुढचा दात गेला असता तर लग्नकार्याच्या आत माणूस धावत आला असता. मागची दिसत नाही, मग कशाला? त्यात मशेरी. पहाटे पाटी घेऊन बसणाऱ्या कितीतरी बायकांचा दिवस भाजलेल्या तंबाखूच्या त्या काळ्या पुडीने हिरड्या घासून सुरू होतो. त्या म्हणतात, दात घट्ट होतात. तंबाखू करतो उलटं. हिरडी आणि तिच्याखालचं हाड झिजत जातं, आणि न किडलेला धडधाकट दातही एक दिवस हलायला लागतो.

दाढ गेल्यावर तोंडात जे होतं ते इतकं सावकाश होतं की सांध्याखेरीज कोणाला पत्ता लागत नाही. रिकाम्या जागेकडे मागची दाढ कलते. वरची दाढ, समोर कोणी अडवणारं नाही म्हटल्यावर, खाली उतरत येते. पाच-सात वर्षांत वर एक उंचवटा, खाली एक उतार. जबडा बाजूला सरकवून चघळायला जावं तर ती उतरलेली दाढ मध्ये येते, जबडा तिला चुकवून वाकड्या वाटेने मिटतो. रस्त्यातला नेहमीचा खड्डा चुकवायला दुचाकीवाला न बघता हँडल वळवतो, ते निदान त्याला ठाऊक असतं. जबड्याच्या मालकाला हेही ठाऊक नसतं. स्नायू ती नवी वाट पाठ करतात. सांधा मुकाट्याने जुळवून घेतो. त्याची आतली बाजू इतर मोठ्या सांध्यांसारखी काचेरी कूर्चेची नसते, चिवट तंतूंची असते, आणि ती आयुष्यभर थोडीथोडी स्वतःला घडवत राहते. डोकं जरा चपटं करेल, कडा जरा झिजवेल, पण कामावर येईल. बहुतेक माणसांत गोष्ट इथेच संपते. दाढा नाहीत, सांध्याने आकार बदललेला आहे, आणि दुखत काहीच नाही.

हे शेवटचं वाक्य दंतवैद्यांच्या व्यवसायाला पचायला बरीच वर्षं लागली. त्याला कारण एक कानाचे डॉक्टर. अमेरिकेतल्या सेंट लुइसचे जेम्स कॉस्टेन. १९३४ साली त्यांनी अकरा रुग्णांची हकिकत छापली. कानात दडे, कानात आवाज, चक्कर, डोकेदुखी, आणि जबड्यात दाढांची वानवा. कॉस्टेन यांचं म्हणणं असं की दाढांचा आधार गेला की जबडा गरजेपेक्षा जास्त मिटतो, सांध्याचं डोकं मागे-वर जाऊन नसांवर आणि कानाच्या नळीवर दाब देतं. दातांची उंची वाढवा, दुखणं जाईल. कल्पना देखणी होती. आपल्या या मुखदुर्बळ गृहस्थाला पहिल्यांदाच कोणीतरी नाव घेऊन हाक मारली, आणि ती हाक 'कॉस्टेनचा विकार' म्हणून जगभर गेली. पण १९४८ मध्ये हॅरी सिशर या शरीररचनातज्ज्ञाने दाखवलं की त्या जागेची ठेवणच अशी आहे की सांधा त्या नसांना तसा चिरडू शकत नाही. निदान पडलं. सवय उरली. दात नाहीत ना, मग दुखणं त्यामुळेच, हा निष्कर्ष आजही खुर्चीजवळ उभा असतो.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा वयाचा आहे, आणि तो कळायला डॉक्टर असावं लागत नाही. सांध्याचं आणि चावण्याच्या स्नायूंचं दुखणं घेऊन येणाऱ्यांत विशी ते चाळिशीच्या बायका सर्वांत जास्त असतात. दाढा गमावलेल्यांची गर्दी पन्नाशीनंतरची. दात जाण्याचं वय आणि सांधा दुखण्याचं वय यांची गाठ पडत नाही. नुसत्या दाढा गेल्यामुळे सांधा बिघडत असता तर बिबवेवाडीतल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिक संघाचं तोंड एव्हाना बंद पडलं असतं. ते तसं पडलेलं नाही, हे त्यांच्या सभेला गेलेल्या कोणालाही सांगता येईल.

नेदरलँड्समधल्या नायमेखन विद्यापीठात आर्न्ड काइझर यांनी १९८१ साली विचारलं की मागच्या दाढा नसतील तर नक्की बिघडतं तरी काय? पुढचे दात आणि दोन्ही बाजूंच्या उपदाढा, असे मिळून वीस दात जागेवर असले तर बहुतेकांचं खाणं आणि बोलणं चालतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढे टांझानियात अशा तोकड्या दंतपंक्तीच्या माणसांची पाहणी झाली. उपदाढांचा आधार असेपर्यंत सांध्याच्या तक्रारी विशेष वाढलेल्या दिसल्या नाहीत. मागचा आधार एका किंवा दोन्ही बाजूंनी पार संपला तेव्हा मात्र वेदना आणि आवाज यांचं प्रमाण वाढताना दिसलं. म्हणजे आपल्या या सोशिकाच्या सोसण्याला सीमा आहे. एक दाढ गेली, तो बोलणार नाही. दोन गेल्या, तरी नाही. एका बाजूचा मागचा सगळा आधार काढून घेतलात आणि वर जगण्याचा ताण टाकलात, तर त्याची ताकद संपते.

तो ताण कसा येतो ते पाहायचं असेल तर परीक्षेच्या दिवसांत विश्वकर्मा इन्स्टिट्यूटच्या आसपासच्या खोल्यांमध्ये पाहावं. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलं रात्री पडद्यासमोर दात दातांवर आवळून बसतात, झोपेत करकर खातात आणि सकाळी गाल धरून उठतात. जेवण, बोलणं, गिळणं सोडलं तर वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकायचं काही काम नसतं. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला, ही जबड्याची विश्रांती. आवळून बसणाऱ्याचे स्नायू ती तासन्‌तास मिळू देत नाहीत आणि सांधा दाबाखाली राहतो. घरचा हप्ता, मुलाची ॲडमिशन, सासूबाईंचं ऑपरेशन, यातलं काहीही जबड्यात उतरू शकतं. काकूंच्या दाढांच्या रिकाम्या जागा आणि काकूंची काळजी, यांतलं सांध्याला जास्त कोण छळतं, हे केसपेपरवरच्या दातांच्या आकृतीवर दिसत नाही.

याच्या बोलण्याच्या तऱ्हा तीन. पहिली, कट्ट. चकती डोक्यावरून जरा पुढे सरकलेली असते. तोंड उघडताना डोकं तिच्याखाली पुन्हा शिरतं, तेव्हाचा हा आवाज. कट्ट ऐकून माणूस घाबरतो, जेवणाच्या पंगतीत शेजारच्यालाही ऐकू जातं. पण नुसता आवाज आहे, वेदना नाही, तोंड पूर्ण उघडतंय, तर उपचाराची गरज नसते. असे कट्टकट्टवाले खूप आहेत आणि सुखाने जगतात. दुसरी तऱ्हा, मौन. एके सकाळी आवाज बंद होतो आणि तोंडही दीड-दोन बोटांवर अडतं. चकती पुढेच अडकून राहिली, डोक्याला वाट मिळेना. हे मौन गंभीर, तेव्हा लवकर दाखवायला हवं. तिसरी, वाळूवर चालल्यासारखी करकर. आतली झीज बोलत असते. याखेरीज एक नाट्यमय प्रकार आहे, मोठी जांभई दिली आणि तोंड मिटेचना. डोकं पुढच्या उंचवट्यापलीकडे जाऊन अडकलं. डॉक्टर अंगठ्यांना कापड गुंडाळून मागच्या दाढांवर किंवा त्यांच्या जागेवर ठेवतात, जबडा आधी खाली आणि मग मागे दाबतात, आणि तो धप्पकन जागेवर जातो. कापड एवढ्याचसाठी की जागेवर जाताना तो अंगठा चावतो. निखळलेला जबडा बसवण्याचं वर्णन हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांतही आहे. अडीच हजार वर्षांत युक्ती फारशी बदललेली नाही.

कधी कधी तर याच्यावर दुसऱ्याचा गुन्हा घातला जातो. तिशीतला रिक्षावाला येतो, तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, तिखट लागलं की आग होते. त्याचा सांधा नीट चालत असतो. गालाचं आतलं अस्तर सुपारी आणि गुटख्याने ताठर, पांढुरकं झालेलं असतं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. टपरीमागच्या रंगीत पुड्या पाहिल्या की ती आठवते. गाल ताठरण्याचा हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा आहे, म्हणून तोंड उघडत नसेल तर आधी गालाच्या आत बोट फिरवून पाहणारा डॉक्टर हा शहाणा डॉक्टर.

कवळीवाल्यांची कथा जरा वेगळी. सगळे दात गेले की सांध्याला 'इथे थांब' म्हणून सांगणारं कोणीच उरत नाही. नाक आणि हनुवटी जवळ येतात, ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडतात. कवळी बसली की हरवलेली उंची परत मिळते. पण आजोबा तीच कवळी पंधरा-वीस वर्षं वापरतात. दात झिजलेले, खालचं हाड वितळलेलं. आंत्ये टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा करून १९७२ साली दाखवलं की खालच्या जबड्याचं हाड वरच्याच्या सुमारे चौपट वेगाने झिजतं. म्हणून खालची कवळी नाचते, आणि ती नाचू नये म्हणून आजोबा ती दिवसभर दातांनी, गालांनी, जिभेने दाबून धरतात. "अहो, चांगली आहे अजून, कशाला बदलायची?" पुणेरी काटकसरीचा हा प्रकार सांध्याला महागात पडतो.

कवळी घडते तिथे आपल्या नायकाचा एक लोखंडी तोतया राहतो. दातांच्या लॅबमध्ये टेबलावर बिजागरीचं एक यंत्र असतं, वरच्या आणि खालच्या जबड्याचे प्लास्टरचे साचे त्यात बसवतात आणि उघडमीट करून दात जुळवतात. विल्यम बॉनविल या अमेरिकी दंतवैद्याने एकोणिसाव्या शतकात मोजमापं घेऊन सांगितलं की दोन सांध्यांची टोकं आणि खालच्या पुढच्या दातांचा मध्य मिळून चार इंच बाजूचा समभुज त्रिकोण होतो. अजूनही कितीतरी साधी यंत्रं या सरासरी त्रिकोणावर चालतात. माणूस सरासरी नसतो. तोतयावर सुरेख जुळलेली कवळी खऱ्याच्या हाती आली की बोचते, मग डॉक्टर निळा कागद चावायला देऊन इकडचा तिकडचा कण घासत बसतात.

घासण्यावरून आठवलं. या सांध्याच्या नावाने जगात जे उपचार झाले, त्यांतले काही दुखण्यापेक्षा वाईट होते. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत बिघडलेली चकती काढून तिथे टेफ्लॉनचा थर दिलेलं रोपण बसवत. चावण्याच्या दाबाखाली त्याचे कण सुटले, शरीराने त्यांच्यावर चढाई केली आणि आजूबाजूचं हाड पोखरलं गेलं. १९९० साली तिथल्या औषध प्रशासनाला त्यावर कारवाई करावी लागली. आपल्याकडची जोखीम इतकी भीषण नसते, पण असते. सांधा दुखतोय म्हणून चांगले दात घासून सपाट करणं, दुखतोय म्हणून एकदम सगळ्या तोंडाला कॅप घालणं. घासलेला दात परत येत नाही. जुनाट दुखण्याबद्दल 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय पत्रिकेने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना छापल्या. त्यांत पहिला मान जबड्याच्या व्यायामांना, तज्ज्ञाच्या हाताखाली केलेल्या हालचालींना आणि वेदनेकडे पाहण्याची मनाची सवय बदलण्याला आहे. परत फिरवता न येणाऱ्या उपायांना ठाम विरोध आहे. रात्री दातांवर बसवायच्या प्लास्टिकच्या गार्डलासुद्धा तिथे फारशी दाद मिळालेली नाही. बहुतेक नवी दुखणी तर मऊ जेवण, शेक, थोडे दिवस गोळी आणि दात सुटे ठेवण्याची सवय, एवढ्यावर काही आठवड्यांत निवतात. सांधा मागतो ते इतकं कमी की फी लावायची कशाची, असा प्रश्न पडावा.

मग दाढांचं काय? त्या बसवाव्यात. चावता यावं म्हणून, मागची कलू नये म्हणून, वरची उतरू नये म्हणून, आणि एका बाजूचा सगळा आधार गेला असेल तर सांध्याचा बोजा हलका व्हावा म्हणूनही. ब्रिज, काढघालीचे दात की इम्प्लांट, हे हाडावर, खिशावर आणि शेजारच्या दातांवर ठरेल. पैशाची ओढाताण असेल तर धनकवडीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय बिबवेवाडीपासून जवळ आहे. शिकाऊ डॉक्टर वेळ घेतात, पण शिक्षक डोक्यावर उभे असतात. फक्त "दात बसवले की कानाचं दुखणं जाईल" असं वचन कोणी देत असेल तर ते वचन जरा बाजूला ठेवून खुर्चीत बसावं. ठणका चालू असताना आधी तो शमवायचा आणि मग दात बसवायचे, ही क्रमवारी धरणारा डॉक्टर चांगला. दुखऱ्या जबड्यातून घेतलेली चाव्याची नोंदही बऱ्याचदा वाकडीच येते.

आणि पुढच्या वेळी दातांच्या दवाखान्यात गेलात, दाढ काढायला असो की नुसती सफाई करायला, तर एक काम डॉक्टरांकडून हक्काने करून घ्या. कानापुढे बोटं ठेवून दोन्ही सांधे तपासायला सांगा, आणि तोंड किती मिलिमीटर उघडतं तो आकडा तारखेसह केसपेपरवर लिहून मागा. पट्टी लावायला अर्धं मिनिटही लागत नाही. उद्या तोंड अडलं तर काल ते किती उघडत होतं, हे सांगणारा तेवढाच एक पुरावा तुमच्या हातात असेल.